खालचा बर्थ मागण्याआधी आणि नाकारण्याआधी



दिवाळी संपून लग्नसराई सुरू झाली की माझ्याकडे एक प्रश्न हमखास येतो. "मॅडम, रेल्वेनं जायचंय, चालेल ना?" मी बीपी बघते, पायावर सूज आहे का बघते, औषधं पुरेशी घेतलीत ना विचारते आणि "जा, पण जपून" असं सांगते. काही वर्षांपूर्वीपर्यंत माझा सल्ला इथेच संपायचा. आता मी आणखी एक प्रश्न विचारते : "बर्थ कोणता मिळालाय?"

हा प्रश्न डॉक्टरनं का विचारायचा, असं तुम्हाला वाटेल. मलाही पूर्वी तसंच वाटायचं. दोन पेशंटनी माझं मत बदललं.

काकांची गोष्ट

पहिले पेशंट ७२ वर्षांचे काका. हृदयाची पंप करण्याची ताकद कमी झालेली, म्हणजे ज्याला आपण हार्ट फेल्युअर म्हणतो तो आजार. फुप्फुसात आणि पायांत पाणी साठू नये म्हणून रोज लघवीची गोळी चालू. तब्येत स्थिर होती. भाच्याच्या लग्नासाठी सगळे दिल्लीला निघाले. काका, काकू, मुलगा, सून आणि नात अशी पाच जणांची तिकिटं एकत्र काढली होती. काकांच्या वाट्याला आला मधला बर्थ.

जाताना सुनेनं खालच्या बर्थवरच्या एका तरुणाला विचारलं, "आमच्या बाबांना चढता येत नाही हो, तुम्ही वर जाल का?" तो म्हणाला, "सॉरी, मला नाही जमणार." मग डब्यात जे व्हायचं ते झालं. एक जण म्हणाला, आजकालच्या पोरांना संस्कार नाहीत. दुसरा म्हणाला, म्हाताऱ्या माणसासाठी एवढंही करवत नाही का. काका संकोचले. "राहू दे रे, मला काही होत नाही," म्हणाले आणि मुलाच्या खांद्याचा आधार घेऊन वर चढले. रात्रीत तीनदा त्यांना लघवीला उतरावं लागलं. तिन्ही वेळा मुलगा उठला, खाली झोपलेला माणूस उठला, काकूही उठल्या.

परतीच्या प्रवासातही मधलाच बर्थ होता. या वेळी काकांनी कोणाला विचारू दिलं नाही. त्यांनी स्वतःच एक उपाय केला आणि तो घरात कोणालाच सांगितला नाही. निघायच्या दोन दिवस आधीपासून त्यांनी लघवीची गोळी बंद केली. गोळीच नाही तर रात्री उठायलाही नको, असा त्यांचा हिशेब. त्यात लग्नघरातलं खारट, तेलकट जेवण आणि लोणची. गाडीत रात्री आडवं झालं की खोकला येत होता, पण मधल्या बर्थवर उठून बसायला जागा नसते. घरी पोचले त्या रात्री दम इतका लागला की पलंगावर टेकताही येईना. फुप्फुसांत पाणी भरलं होतं. चार दिवस रुग्णालयात काढून काका सुखरूप घरी गेले, पण ते चार दिवस सोपे नव्हते.

"त्या पोरानं जागा दिली असती तर ही वेळ आली नसती," असं मुलगा मला पुन्हा पुन्हा सांगत होता. खरं सांगते, त्या वेळी मलाही त्या पोराचा रागच आला.

दुसरी बाजू

काही आठवड्यांनी २८ वर्षांची एक मुलगी तपासणीला आली. तिला अल्सरेटिव्ह कोलायटिस आहे, म्हणजे मोठ्या आतड्याला सूज आणि जखमा. आजार उफाळला की रात्रीत सहा-सात वेळा संडासला जावं लागतं आणि लागली की मिनिटभरही थांबता येत नाही. दिसायला ती धडधाकट. नोकरीच्या कामानिमित्त तिला लांबचे प्रवास करावे लागतात.

ती म्हणाली, "मॅडम, प्रवासाची भीती मला आजारामुळे वाटत नाही, लोकांमुळे वाटते. दर वेळी कोणीतरी म्हणतं, तू तरुण आहेस, तू वर जा. एकदा मी खरं कारण सांगून टाकलं, आठ जणांसमोर. सगळे एकदम गप्प झाले. ते गप्प होणं मला जास्त लागलं."

मला काकांसमोरचा तो तरुण आठवला. त्याला काय झालं होतं, मला माहीत नाही. कदाचित काहीच नसेल. कदाचित मणक्याचं ऑपरेशन झालं असेल, कदाचित फिट येत असतील. त्याचा फोटो बघून मी त्याचा आजार ओळखू शकले नसते, मग डब्यातल्या लोकांना तो कसा दिसणार?

म्हणून माझं मत स्पष्ट सांगते. ज्याला आजारामुळे खालचा बर्थ लागतो, त्याच्यासाठी तो औषधासारखाच आहे. औषध आपण घरून बरोबर घेऊन निघतो, गाडीत शेजाऱ्याकडे मागू असं ठरवून निघत नाही. बर्थचंही तसंच हवं. त्याची सोय तिकीट काढतानाच व्हायला हवी. गाडीत बदलून मागणं हा शेवटचा उपाय असावा. आणि मागितल्यावर "नाही" असं उत्तर आलं, तर ते मान्य करायची तयारीही हवी.

आठ जणांत जागा तीनच

आधी साधं गणित बघू. स्लीपर आणि थ्री एसीच्या डब्यात आठ-आठ बर्थचा एक भाग असतो. त्यात खालचे दोन, मधले दोन, वरचे दोन, साइड लोअर एक आणि साइड अप्पर एक. म्हणजे आठ जणांत खाली झोपायच्या जागा तीनच. टू एसीत मधला बर्थ नसतो, तिथे सहापैकी तीन जागा खालच्या असतात.

तुमचा बर्थ कोणता ते ओळखायची सोपी रीत अशी : बर्थ क्रमांकाला ८ ने भागा. बाकी १ किंवा ४ उरली तर खालचा, २ किंवा ५ उरली तर मधला, ३ किंवा ६ उरली तर वरचा. बाकी ७ म्हणजे साइड लोअर आणि पूर्ण भाग गेला तर साइड अप्पर. हे स्लीपर आणि थ्री एसीच्या नेहमीच्या डब्यांना लागू पडतं. टू एसीची रचना वेगळी असते.

आता या आठ जणांत एक आजी गुडघेदुखीच्या, एक आजोबा प्रोस्टेटचे, एक गरोदर ताई आणि एक माझी ती पेशंट असेल, तर गरजू चार आणि जागा तीन. इथे केवळ चांगुलपणानं प्रश्न सुटत नाही.

खालचा बर्थ खरोखर कोणाला लागतो?

वय जास्त म्हणून खालचा बर्थ, एवढंच आपल्या डोक्यात असतं. डॉक्टर म्हणून माझी यादी जरा वेगळी आहे.

*फिट (एपिलेप्सी) येणारे.* यांनी मधल्या किंवा वरच्या बर्थवर झोपूच नये. प्रवासात झोप मोडते आणि झोप मोडणं हे फिट येण्याचं एक नेहमीचं कारण आहे. वरून पडलं तर इजा फिटपेक्षा मोठी होते. झोपेत चालण्याची सवय असलेल्यांनाही हेच लागू.

*रक्त पातळ करणारी औषधं घेणारे.* झडप बदललेले, हृदयाचे ठोके अनियमित असलेले किंवा पायात गुठळी होऊन गेलेले अनेक पेशंट ही औषधं घेतात. त्यांना डोक्याला साधा मार लागला तरी आत रक्तस्राव होण्याचा धोका जास्त असतो.

*रात्री वारंवार उठावं लागणारे.* प्रोस्टेट, मधुमेह, लघवीची गोळी, आतड्याचे आजार, गरोदरपण.

*उठल्यावर चक्कर येणारे.* काही जणांचं बीपी आडवं असताना ठीक असतं, पण उभं राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत वरचं बीपी २० किंवा खालचं १० नं उतरतं. बीपीच्या आणि प्रोस्टेटच्या काही गोळ्यांनी हे वाढतं. अर्धवट झोपेत, अंधारात, हलत्या गाडीत शिडीवरून उतरायला ही सगळ्यात वाईट वेळ. मान वळवली की गरगरणाऱ्यांचंही तसंच.

*इन्सुलिन घेणारे.* रात्री साखर उतरली तर घाम येतो, हात थरथरतात, काही सुचत नाही. अशा वेळी वरून उतरणं धोक्याचं, आणि वर झोपलेल्या माणसाची अवस्था खालच्यांच्या लक्षातही येत नाही.

*नुकतं ऑपरेशन झालेले.* सिझेरियन, हर्निया, मणका, गुडघा, खुबा, हृदयाची बायपास. वर चढताना शरीराचं वजन दोन्ही हातांवर आणि पोटाच्या स्नायूंवर येतं. बायपासनंतर छातीचं हाड जुळेपर्यंत हातांवर जोर देऊन चढायचं नसतं. हर्नियाच्या टाक्यांवरही तोच ताण येतो. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरच्या पहिल्या दिवसांत धडपड आणि धक्का दोन्ही टाळायचे असतात.

*हात वापरता न येणारे.* खांदा आखडलेला असेल, हाताला प्लॅस्टर असेल किंवा डायलिसिससाठी हातावर फिस्टुला केलेला असेल तर त्या हातावर भार टाकून चढू नये.

*हाडं ठिसूळ झालेले आणि संधिवाताचे रुग्ण.* उतारवयात खुब्याचं हाड मोडलं तर ऑपरेशन, अंथरुण आणि पुढचे कित्येक महिने परावलंबन. बर्थवरून पडण्याची ही किंमत फार मोठी आहे.

ही यादी पुन्हा एकदा वाचा. यातले निम्मे आजार बाहेरून दिसत नाहीत. तिशीतल्या माणसालाही यातलं काहीही असू शकतं आणि सत्तरीतला एखादा रोज सूर्यनमस्कार घालणारा माणूस आरामात वर चढू शकतो.

सगळे खालचे बर्थ सारखे नसतात

हा मुद्दा बहुतेकांच्या लक्षात येत नाही. थ्री एसी किंवा स्लीपरमध्ये रात्री मधला बर्थ उघडला की खालच्या बर्थवर मान ताठ ठेवून बसता येत नाही. गुडघेदुखीच्या आजींना याचा फरक पडणार नाही. पण ज्यांना आडवं झाल्यावर दम लागतो, दोन-तीन उशा लागतात किंवा रात्रीतून उठून बसावं लागतं, अशा हृदयाच्या आणि दम्याच्या पेशंटना पडतो. त्यांच्यासाठी साइड लोअर जास्त बरा, कारण नेहमीच्या डब्यात त्यावर मधला बर्थ नसतो. परवडत असेल तर टू एसीचा खालचा बर्थ उत्तम.

उलट कंबरदुखीच्या आणि मणक्याच्या पेशंटना साइड लोअर त्रासाचा ठरू शकतो. दोन सीट जुळवून तो बर्थ तयार होतो. मध्ये सांधा येतो आणि उंच माणसाला पाय लांब करता येत नाहीत. तोच बर्थ मिळाला असेल तर घडी घातलेली जाड चादर किंवा गोधडी सांध्यावर अंथरा.

आरएसी तिकिटावर साइड लोअर दोघांत वाटून घ्यावा लागतो, म्हणजे रात्रभर बसून किंवा पाय आखडून प्रवास. चार तासांपेक्षा जास्त वेळ हालचाल न करता बसलं की पायाच्या शिरेत गुठळी होण्याचा धोका वाढतो. हे विमानापुरतं नाही, रेल्वे आणि बसलाही लागू आहे. आधी गुठळी झालेल्यांनी, कॅन्सरच्या पेशंटनी आणि नुकतं ऑपरेशन झालेल्यांनी आरएसीवर रात्रीचा प्रवास शक्यतो टाळावा.

तिकीट काढतानाच काय करायचं?

काकांच्या घरच्यांची चूक इथे झाली होती, आणि ही चूक बहुतेक घरांत होते. "सगळे एकत्र राहू" म्हणून पाचही जणांचं तिकीट एकत्र काढलं.

रेल्वेत खालच्या बर्थचा वेगळा कोटा असतो. ६० वर्षं आणि त्यावरचे पुरुष आणि ४५ वर्षं व त्यावरच्या स्त्रिया यांच्यासाठी काही खालचे बर्थ राखून ठेवलेले असतात. हो, ४५. पण अट अशी की प्रवासी एकटा असावा किंवा एका तिकिटावर दोघेच असावेत आणि दोघेही या वयाच्या अटीत बसणारे असावेत. मुलगा, सून आणि नात त्याच तिकिटावर आली की हा कोटा वापरता येत नाही. काका-काकूंचं तिकीट वेगळं, याच कोट्यातून काढलं असतं, तर दोघांनाही खालचा बर्थ मिळण्याची शक्यता कितीतरी जास्त होती. ऑनलाइन तिकीट काढताना कोट्याच्या यादीत "लोअर बर्थ / सीनियर सिटिझन" असा पर्याय दिसतो. तोच निवडा.

तिकिटं वेगळी काढली तर डबे वेगळे येऊ शकतात, ही अडचण खरी आहे. तिथे ठरवायचं आपणच. आई-वडील शेजारच्या डब्यात, पण खालच्या बर्थवर असलेले बरे, की डोळ्यांसमोर, पण मधल्या बर्थवर? माझं उत्तर पहिलं आहे. मात्र विसरभोळेपणाचा आजार असलेल्या किंवा एकट्याला सोडता न येणाऱ्या पेशंटला हे लागू नाही. अशा वेळी सोबतीला घरातलं कोटाच्या अटीत बसणारं माणूस, म्हणजे ४५ च्या पुढची मुलगी किंवा सून असेल, तर दोघांचं तिकीट याच कोट्यातून निघतं.

आणखी काही गोष्टी :

- तिकिटं आता ६० दिवस आधी उघडतात. तारीख ठरली असेल तर वाट बघू नका. खालचे बर्थ सर्वात आधी संपतात.
- ठरावीक वयाच्या प्रवाशांना, जागा असेल तर, संगणक आपोआप खालचा बर्थ देण्याचा प्रयत्न करतो. म्हणून वय खरं आणि बरोबर भरा.
- आयआरसीटीसीवर "किमान एक खालचा बर्थ मिळाला तरच बुक करा" अशा अर्थाचा पर्याय असतो. नुसतं "लोअर" निवडणं ही फक्त पसंती असते, खात्री नाही. या पर्यायात बर्थ नसेल तर तिकीटच निघत नाही, म्हणजे निदान आधी कळतं.
- गरोदर स्त्रियांचाही या कोट्यात समावेश आहे. डॉक्टरांचा दाखला घेऊन आरक्षण खिडकीवर गेलेलं बरं.
- दिव्यांग प्रवाशांसाठी स्लीपर आणि थ्री एसीत वेगळा कोटा आहे. त्यासाठी रेल्वेचं ओळखपत्र आधी काढून ठेवावं लागतं.

नियम अधूनमधून बदलतात. शंका असेल तर १३९ या रेल्वेच्या क्रमांकावर विचारून घ्या.

गाडीत मागायचा झालाच तर

सगळं करूनही खालचा बर्थ मिळाला नाही, असं होतं. तेव्हा हा क्रम पाळा.

आधी टीटीईंना भेटा. ज्येष्ठ नागरिक, गरोदर स्त्री किंवा दिव्यांग प्रवाशाला मधला-वरचा बर्थ मिळाला असेल आणि गाडी सुटल्यावर खालचा बर्थ रिकामा राहिला, तर तो देण्याचा अधिकार त्यांना आहे. रिकामा बर्थ कोणता, हेही त्यांनाच माहीत असतं. प्रिस्क्रिप्शन किंवा डिस्चार्ज कार्ड हाताशी ठेवा.

मग सहप्रवाशांना विचारा. सगळ्या डब्याला ऐकू जाईल असं नाही, एकाच माणसाला, हळू आवाजात. कारण थोडक्यात सांगा आणि नाही म्हणायची वाट मोकळी ठेवा. उदाहरणार्थ : "दादा, माझ्या आईचं मणक्याचं ऑपरेशन झालंय, तिला चढता येत नाही. आमचा याच डब्यात वरचा बर्थ आहे. तुम्हाला काही अडचण नसेल तर बदलता येईल का? नसेल जमत तर काही हरकत नाही." उत्तर नाही आलं तर "बरं, ठीक आहे" म्हणा आणि पुढच्याला विचारा. कारण विचारू नका. आजार सांगायला भाग पाडणं म्हणजे जखमेवरची पट्टी लोकांसमोर उघडायला लावणं.

आपल्याला सगळ्यांना एकत्र बसून पत्ते खेळायचेत म्हणून बर्थ मागणं आणि आजारासाठी मागणं, यात फरक करा. सोयीसाठी मागायचं असेल तर तसंच सांगा. आजाराचं खोटं कारण दिलं की पुढच्या खऱ्या पेशंटवर कोणी विश्वास ठेवत नाही.

बदलण्याआधी समोरचा कुठे उतरणार हे नक्की विचारा. तो रात्री दोनला भुसावळला उतरणार असेल, तर तिथून चढणारा दुसरा प्रवासी त्याच बर्थचं तिकीट घेऊन येईल आणि तुमच्या आईला अर्ध्या झोपेतून उठावं लागेल.

आणि बदलल्यानंतर टीटीईंना सांगा. हा मुद्दा वैद्यकीय दृष्टीनं सर्वात महत्त्वाचा, पण सगळे विसरतात. यादीत तुमचं नाव जुन्याच बर्थवर असतं. रात्री छातीत दुखलं आणि १३९ वर मदत मागितली, तर मदत जुन्या बर्थकडे जाईल. फोन करताना सध्याचा डबा आणि बर्थ क्रमांक सांगा. घरच्यांनाही नवा क्रमांक कळवा. पेशंटच्या खिशात नाव, आजार, औषधं आणि घरचा फोन लिहिलेली चिठ्ठी असू द्या.

तुमच्याकडे कोणी मागितला तर

तुम्हाला वर चढायला काही त्रास नसेल, तर द्या. माझी ही विनंती आहे. एका रात्रीची गैरसोय तुमची, पण समोरच्याचा कदाचित खुबा वाचेल.

पण तुम्हाला स्वतःला गरज असेल तर संकोचून देऊ नका. मी असे पेशंट बघितलेत, ज्यांनी भिडेपोटी बर्थ दिला आणि स्वतःची कंबर धरून आले. "मला वैद्यकीय कारणासाठी हाच बर्थ लागतो" एवढं एक वाक्य पुरे. त्यापुढे कोणाला काही सांगायला तुम्ही बांधील नाही.

आणि तुम्ही नुसते बघणारे असाल तर नाही म्हणणाऱ्याला बोलू नका. तुम्हालाच वाईट वाटत असेल तर स्वतःचा बर्थ देऊ करा.

एक गोष्ट दिवसाचीही. झोपण्याची अधिकृत वेळ रात्री १० ते सकाळी ६. एरवी खालच्या बर्थवर इतरांनाही बसायचा हक्क आहे. मात्र आजारी, दिव्यांग आणि गरोदर प्रवाशांना जास्त वेळ आडवं राहायचं असेल तर सहकार्य करावं, असं रेल्वेच्याच सूचनेत म्हटलेलं आहे.

काहीच जमलं नाही तर

सर्वात आधी : गोळी बंद करू नका. पाणीही तोडू नका. पाणी कमी पडलं की बीपी उतरतं, चक्कर येते, मुतखड्याचा आणि लघवीच्या जंतुसंसर्गाचा त्रास वाढतो. ज्यांना पाण्याचं प्रमाण डॉक्टरांनी ठरवून दिलंय त्यांनी तेच पाळावं. लघवीची गोळी प्रवासाच्या दिवशी किती वाजता घ्यायची, हे निघण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारा. बऱ्याचदा वेळ पुढे-मागे करून रात्रीचं उठणं कमी करता येतं.

पुरुषांसाठी झाकणाचं लघवीचं भांडं, स्त्री-पुरुष दोघांसाठी मोठ्यांचे डायपर औषधाच्या दुकानात मिळतात. एका रात्रीपुरते वापरण्यात लाज कसली?

मधल्या बर्थच्या साखळ्या आणि खटके झोपण्याआधी स्वतः ओढून तपासा. उतरताना आधी उठून जेवढं शक्य तेवढं बसा, पाय हलवा, दोन मिनिटं थांबा आणि मगच उतरा. जवळ छोटी बॅटरी ठेवा. झोपेची गोळी किंवा दारू घेऊन वर झोपू नका.

आणि फिट येणाऱ्यांनी, हृदयाच्या अस्थिर पेशंटनी आणि ताज्या ऑपरेशनच्या पेशंटनी खालचा बर्थ मिळाला नाही तर तारीख पुढे ढकलावी. लग्नाचा व्हिडिओ नंतर बघता येतो.

शेवटी, आम्हा डॉक्टरांबद्दल

डिस्चार्ज कार्डवर आम्ही पथ्य लिहितो, टाके काढायची तारीख लिहितो, "जड वस्तू उचलू नये" असं लिहितो. पण गावाहून शेकडो किलोमीटर प्रवास करून मुंबई-पुण्याला ऑपरेशनला आलेला माणूस परत कसा जाणार, हे आम्ही क्वचितच विचारतो. "प्रवासात खालचा बर्थ आवश्यक, मधल्या-वरच्या बर्थवर चढू नये" हे एक वाक्य लिहायला दहा सेकंदही लागत नाहीत. त्या वाक्यानं बर्थ मिळेलच असं नाही, पण टीटीईंशी बोलताना पेशंटच्या हातात काहीतरी असतं आणि आपली गरज खरी आहे, असं त्याला स्वतःलाही वाटतं. तुमचे डॉक्टर लिहायला विसरले, तर मागून घ्या.

काका मागच्या महिन्यात आले होते. काकूंना घेऊन काशीला जायचं म्हणत होते. मी तपासलं, गोळ्या लिहून दिल्या आणि विचारलं, "बर्थ कोणता?"

त्यांनी खिशातून तिकीट काढलं. फक्त दोघांचं तिकीट होतं. "माझा ४७," म्हणाले. "आठानं भागून बघितलंय, मॅडम. सात उरतात."

गोळी बंद करणार नाही, असं वचन घेऊन मी त्यांना "जा, पण जपून" म्हटलं.

तुम्हीही जपून जा. काळजी घ्या.